विक्रीतला साठा कुणाला दिसतो का? (लीन, सेल्स आणि करून शिकणं)

ओळंबा

कारखान्यात लीनचं (टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली, अपव्यय कमी करून काम न अडता वाहतं ठेवायची पद्धत) काम करणाऱ्याची एक सोय असते: साठा डोळ्यांना दिसतो. दोन मशीनच्या मधे अर्धवट मालाच्या पेट्या साचल्या की कुठे अडलंय हे सांगायला सल्लागार लागत नाही. मी बरीच वर्षं उत्पादनात काढून आता सेल्सच्या बाजूला आलोय (औद्योगिक व्हॉल्व्ह, म्हणजे आमचे ग्राहकही कारखानेच). इथे साठा भरपूर आहे, पण तो लोकांच्या इनबॉक्समध्ये, सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) आणि 'पुढच्या महिन्यात बघू' या वाक्यात दडलेला असतो.

उत्तर न दिलेल्या चौकशा. पाठवलेली, पण पुढे काहीच न झालेली कोटेशन्स. प्रदर्शनात गोळा केलेली आणि रबरबँड लावून ठेवलेली व्हिजिटिंग कार्डं. मार्केटिंगने मेहनतीने बनवलेली आणि सेल्सच्या माणसाने कधीच न उघडलेली माहितीपत्रकं. हा सगळा अर्धवट मालच झाला. त्यावर पगार, प्रवास आणि जाहिरातीचा खर्च होऊन गेलाय, आणि पैसे अडकून पडलेत.

मी एका चौकशीचा फोन आल्यापासून कोटेशन जाईपर्यंतचा माग काढला. प्रत्यक्ष काम तासाभराचं, प्रवास आठवड्याभराचा. चौकशी लिहून घेताना दाब, तापमान किंवा आतून काय वाहणार आहे, यातलं काहीतरी विचारायचं राहून जायचं. मग डिझाइनकडून उलट प्रश्न, सेल्सचा ग्राहकाला फोन, ग्राहक मीटिंगमध्ये. सेल्सवाले म्हणणार डिझाइन वेळ लावतं, डिझाइनवाले म्हणणार सेल्स अर्धवट माहिती देतं. दोघंही खरंच बोलत असतात.

यावर ट्रेनिंग हा उपाय नाही, असं माझं ठाम मत आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेत सात प्रकारचे अपव्यय पाठ होतात आणि पुढच्या सोमवारी सगळं पूर्ववत. आम्ही एक सेल्सचा आणि एक डिझाइनचा माणूस शेजारी बसवला आणि येणारी प्रत्येक चौकशी दोघांनी मिळून घ्यायची असं ठरवलं. थोड्याच दिवसांत सेल्सवाला फोनवरच नेमकं विचारायला लागला. चौकशीचा फॉर्म त्या दोघांनी नंतर बनवला, स्वतःच्या भाषेत. हाच फॉर्म वरून आला असता तर 'लागू नाही' लिहून भरला गेला असता.

तर प्रश्न असा: सेल्स-मार्केटिंगमध्ये लीन कुणी खरोखर करून पाहिलंय का? काय टिकलं, काय बारगळलं?

टेबलफॅन

रबरबँड लावलेली कार्डं या शब्दांवर आमच्या अख्ख्या टीमने मान खाली घातली आहे. वाचतोय.

सावकाश

मी सेल्समध्येच मुरलेला माणूस आहे, तेव्हा थोडा विरोधी सूर लावतो. ग्राहक म्हणजे बोल्ट नव्हे. बोल्ट दर वेळी त्याच व्यासाचा येतो. आमच्याकडे एक ग्राहक पहिल्या भेटीत ऑर्डर देतो, दुसरा दोन वर्षं चहा पाजतो आणि मग देतो. त्या दोन वर्षांना तुम्ही 'प्रतीक्षा' नावाचा अपव्यय म्हणणार का? माझ्या मते तीच विक्री आहे.

दुसरं म्हणजे, कारखान्यातली माणसं सेल्समध्ये आली की आधी आमच्या दिवसाचं टाइमटेबल बनवतात. किती फोन, किती भेटी, फोन किती मिनिटांचा. मी हे प्रकार पाहिलेत. फोनांची संख्या वाढते, बाकी काही नाही.

ओळंबा

@सावकाश, दुसऱ्या मुद्द्यावर वाद नाही. त्याला लीन म्हणणं हा लीनवर अन्याय आहे. माणूस किती वेळ हालतोय हे मोजण्यापेक्षा काम किती वेळ पडून राहिलंय हे मोजायचं असतं.

पहिल्या मुद्द्यावर: ग्राहक विचार करतोय तो वेळ त्याचा. ग्राहकाने प्रश्न विचारलाय आणि उत्तर आपल्याकडे अडलंय तो वेळ आपला. मी फक्त दुसऱ्याबद्दल बोलतोय. सीआरएममध्ये हे दोन्ही 'प्रलंबित' या एकाच रकान्यात पडतात, म्हणून सगळी दिरंगाई ग्राहकाच्या नावावर खपते.

गणितवेडा

साठा दिसत नसला तरी मोजता येतो. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये रांगांबद्दलचा एक नियम सिद्ध केला, तो लिटलचा नियम म्हणूनच ओळखला जातो. रांगेत सरासरी किती जण आहेत = येण्याचा दर × प्रत्येकाचा रांगेतला सरासरी वेळ. रांग बँकेतली असो की कोटेशनची.

समजा तुमच्याकडे 120 कोटेशन्स उघडी आहेत आणि महिन्याला 20 निकालात निघतात. म्हणजे एक कोटेशन सरासरी सहा महिने पडून राहतं. सेल्सवाला तुम्हाला 'आमचं साधारण दोन महिन्यांत क्लोज होतं' असं सांगेल, कारण त्याला जिंकलेली तेवढी आठवतात. निकालात निघणं म्हणजे जिंकणं आणि हरणं दोन्ही, हे लक्षात घ्या. बहुतेक ठिकाणी हरलेलं कोटेशन कुणी बंदच करत नाही, त्यामुळे रांग फुगत जाते. (नियम स्थिर परिस्थितीतल्या सरासरीचा आहे. नुकतंच प्रदर्शन झालं असेल आणि चौकशांचा पूर आला असेल तर लगेच लावू नका.)

पायपीट

हरलेलं कोटेशन कुणी बंद करत नाही, याचं कारण मी सांगते. पाइपलाइन, म्हणजे अजून निकाल न लागलेल्या सगळ्या कोटेशन्सची बेरीज, टार्गेटच्या तिप्पट हवी, असा नियम असतो. तीनातलं एक मिळतं म्हणून तिप्पट, हे गणित एका वेळी बरोबर असेलही. पण एकदा का तो नियम झाला आणि दर सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यावरून हजेरी घेतली जाऊ लागली, की मेलेली कोटेशन्स जिवंत ठेवणं हे कामच होऊन बसतं. 'ग्राहक सकारात्मक आहे' असं दर आठवड्याला लिहायचं. मी स्वतः फील्डवर आहे, आणि हे सगळेच करतात.

म्हणजे ओळंबा म्हणतात तो साठा आपोआप साचलेला नाही. तो मागवून घेतलेला आहे.

ओळंबा

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कारखान्यात साठा वाढवायचं टार्गेट कुणी देत नाही, इथे उघड देतात!

दुसरी बाजू

थोडा इतिहास, कारण या चर्चेत टोयोटा आली की सगळे थेट कारखान्यात शिरतात.

ओढीची कल्पना, म्हणजे पुढच्याने घेतल्यावरच मागच्याने बनवायचं, ही जमवताना टोयोटाची उत्पादन पद्धत घडवणारे ताइइची ओनो यांच्यासमोर नमुना होता तो अमेरिकन सुपरमार्केटचा. ग्राहक हवं तेव्हा हवं तेवढं फळीवरून उचलतो आणि दुकान तेवढंच परत भरतं. 1956 मध्ये अमेरिकेला गेले तेव्हा त्यांनी ती दुकानं प्रत्यक्ष पाहिली. कल्पनेवर काम त्याआधीच सुरू होतं. म्हणजे जी गोष्ट आपण आज विक्रीत न्यायला निघालोय ती विक्रीच्याच जागेवरून आलेली आहे.

दुसरं, खुद्द टोयोटामध्ये 1950 ते 1982 या काळात विक्री ही वेगळी कंपनी होती. 1950 च्या आर्थिक संकटात बँकांच्या मदतीने जी पुनर्रचना झाली त्यात ती वेगळी काढली गेली आणि तिचे प्रमुख होते शोतारो कामिया. कामिया आधी जनरल मोटर्सच्या जपानमधल्या कंपनीत होते, वितरक कसे सांभाळायचे हे ते तिथे शिकले. उत्पादनाची पद्धत घडली ती बरीचशी याच बत्तीस वर्षांत. ओनोंबद्दल ढीगभर लिहिलं गेलं, कामियांबद्दल त्या मानाने फारच कमी. पण कारखान्याला रोज सारखा माल सारख्या वेगाने काढायचा असेल तर विक्रीने मागणी झटक्याझटक्याने आणून चालत नाही. विक्री सपाट नसेल तर उत्पादन सपाट होत नाही.

आणि इथेच बहुतेक कंपन्यांचं घोडं पेंड खातं. मार्केटिंग स्वतःच मागणीला झटके देतं. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लोकांनी त्यांच्या डायपरबद्दल एक गोष्ट टिपली होती, ती पुरवठा साखळीच्या वर्गात हमखास सांगितली जाते. बाळं डायपर वापरतात ती साधारण एकाच वेगाने, दुकानातली विक्रीही फार हलत नाही. पण वितरकांच्या ऑर्डर मात्र जोरात वरखाली होतात आणि कंपनीकडून कच्च्या मालाची मागणी त्याहून जास्त. यालाच बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. त्याच्या कारणांपैकी एक मोठं कारण म्हणजे सवलतीच्या योजना: भाव पडला की वितरक पुढच्या काही महिन्यांचा माल आजच उचलतो. विक्री वाढल्यासारखी दिसते, खरं तर पुढची विक्री आज मोजली जाते.

सावकाश

हे मान्य. तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे काय होतं ते सांगतो. वरून फोन येतो, काहीही करून आकडा आणा. आम्ही जुन्या ग्राहकाला म्हणतो, या आठवड्यात ऑर्डर टाका, जास्त सवलत देतो. ग्राहक काही दूधखुळा नसतो. दोन-तीन तिमाहींत त्याला कळतं की शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायचं. मग तो थांबायलाच शिकतो, आणि आम्ही म्हणतो बघा, शेवटच्या आठवड्यात किती ऑर्डर येतात, किती जोर लावला आम्ही.

टेबलफॅन

'करून शिकणं' ग्राहकाने केलं म्हणायचं.

ओळंबा

@सावकाश, आणि त्या आठवड्यानंतर कारखान्यात काय होतं तेही लिहितो. पुढचा महिना ओव्हरटाइम, घाईत चुका, त्यांची दुरुस्ती. मग पंधरा दिवस हात चोळत बसणं. लोक अपव्ययाचीच यादी करत बसतात, पण लीनमध्ये त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत: चढउतार आणि अतिताण. माझ्या पाहण्यात तरी सुरुवात बहुधा चढउतारातून होते. तो अतिताण आणतो आणि अतिताणातून अपव्यय. सेल्समध्ये काही करायचं असेल तर मी पहिला हात तिमाहीच्या इन्सेन्टिव्हला घालीन. आणि माझी बदली होईल, हेही माहीत आहे.

निळी शाई

मार्केटिंगच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे लीनचा अर्थ झालाय 'छोटा प्रयोग करा, आकडे बघा'. बॅच लहान ठेवणं मला पटतं. वर्षभराचं मोठं कॅम्पेन एकदम बनवून डिसेंबरमध्ये 'चाललं नाही' कळण्यापेक्षा एक पान, एक मेल, एक शहर घेऊन बघणं शहाणपणाचं. आम्ही मेलचे दोन विषय लिहून पाचशे-पाचशे लोकांना पाठवतो आणि ज्याला जास्त प्रतिसाद तो ठेवतो. याने आमचं बरंच सुधारलंय असं वाटतं.

गणितवेडा

@निळी शाई, रागावू नका, पण त्यातलं बरंचसं नाणेफेक असणार. प्रतिसाद 2 टक्के धरला तर पाचशेत सरासरी 10 उत्तरं येतील. निव्वळ योगायोगाने त्यात तीन इकडे तीन तिकडे सहज होतात. एका विषयाला 8 आणि दुसऱ्याला 13 आले, तर दुसरा चांगला आहे असं म्हणता येत नाही. 2 आणि 3 टक्क्यांतला फरक बऱ्यापैकी खात्रीने पकडायला प्रत्येक बाजूला चारेक हजार लोक लागतात.

हेच सेल्सच्या क्रमवारीला लागू. गुणवत्तेचे अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग त्यांच्या व्याख्यानांत लाल मण्यांचा प्रयोग करायचे. पेटीत 4000 मणी, त्यातले 800 लाल. श्रोत्यांतून 'कामगार' बोलवायचे, 50 खळग्यांच्या फळीने मणी काढायला सांगायचे, आणि लाल मणी म्हणजे दोष. सरासरी 10 च्या आसपास लाल येणार हे ठरलेलंच आहे. पण एखाद्याला 6 येतात, एखाद्याला 14. डेमिंग फोरमन बनून 6 वाल्याचं कौतुक करायचे आणि 14 वाल्याला झापायचे. पुढच्या फेरीत आकडे उलटेपालटे. श्रोते हसायचे आणि ऑफिसात जाऊन तेच करायचे.

तुमच्या दोन सेल्सवाल्यांनी प्रत्येकी 40 कोटेशन्स पाठवली, चारातलं एक मिळतं असं धरू. एकाला 8 ऑर्डर, दुसऱ्याला 12. दुसऱ्याचा फोटो भिंतीवर लागतो. गणित म्हणतं, हा फरक लाल मण्यांइतकाच आहे.

पायपीट

हा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या मीटिंग रूममध्ये लावायचा आहे. फोटोच्या शेजारी.

निळी शाई

रागावले नाही, पण मग आम्ही लहान कंपन्यांनी करायचं काय? चार हजार लोकांची यादीच नसते. शिकायचंच नाही का?

गणितवेडा

शिका, पण मोजून शिकण्यासारखं काय आणि बघून शिकण्यासारखं काय हे वेगळं करा. ग्राहकासारख्या पाच माणसांना तुमचं पान समोर बसून वाचायला द्या आणि मोठ्याने बोलायला सांगा. चौघं एकाच वाक्यावर अडखळले तर तिथे आकडेमोड लागत नाही. आणि प्रयोग करायचाच तर मोठ्या फरकाचा करा. बटणाचा रंग कसला बदलता, ऑफरच बदलून बघा. फरक मोठा असेल तर थोड्या लोकांतही दिसतो.

पायपीट

'बघून शिकणं' यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण धाग्याच्या शीर्षकात करून शिकणं आहे आणि आतापर्यंत चर्चा आकड्यांचीच झाली.

नवीन माणूस सेल्समध्ये येतो तेव्हा त्याला आठवडाभर प्रॉडक्टची स्लाइड दाखवतात, मग एखाद्या जुन्याबरोबर फिरायला पाठवतात आणि मग सोडून देतात. जुन्याबरोबर फिरताना तो नुसता बसलेला असतो. बाहेर पडल्यावर जुना म्हणतो, 'बघितलंस ना कसं करायचं?' नवीन म्हणतो, हो. काय बघितलं, देव जाणे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या सुपरवायझरांसाठी शिकवण्याची एक पद्धत काढली होती, टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाची. पुढे 1950 च्या दशकात ती टोयोटाने उचलली. चार पायऱ्या: माणसाला तयार करणं, काम करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं, आणि नंतर लक्ष ठेवणं. त्यांचं घोषवाक्यच होतं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. सेल्समध्ये आपण पहिल्या दोन पायऱ्या करतो, त्याही अर्ध्या.

मी आता नवीन मुलीला बरोबर नेते तेव्हा भेटीआधी गाडीतच विचारते: आज ग्राहक काय म्हणेल असं तुला वाटतं? ते तिने वहीत लिहायचं. भेटीतला एक भाग तिने बोलायचा, फक्त एकच, उदाहरणार्थ गरज विचारण्याचा. मी मधे तोंड घालायचं नाही (हे सगळ्यात अवघड आहे हो, ऑर्डर डोळ्यांसमोर घसरताना गप्प बसणं). बाहेर आल्यावर वही उघडायची. अंदाज काय होता, झालं काय. अंदाज चुकला तिथेच शिकणं सुरू होतं. अंदाज आधी लिहिलेलाच नसेल तर माणूस म्हणतो, मला वाटलंच होतं.

दुसरी बाजू

पायपीट यांचा प्रतिसाद या धाग्याचा गाभा आहे. एक भर घालतो. इंग्लंडमध्ये 1940 च्या दशकात रेग रेव्हन्स यांनी कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांना वर्गात बसवण्याऐवजी लहान गटांत एकमेकांच्या खाणीतले खरे प्रश्न सोडवायला लावले. अट ही की उत्तर द्यायची घाई करायची नाही, प्रश्न विचारायचे. ते स्वतः केंब्रिजमध्ये पदार्थविज्ञान शिकलेले, तज्ज्ञांच्या व्याख्यानांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. सेल्सच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये हे करून बघा: आकडे वाचायचे नाहीत, एकाने आपलं एक अडलेलं कोटेशन मांडायचं आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे.

सावकाश

फक्त प्रश्न? आमच्याकडे पहिला प्रश्नच 'तू डिस्काउंट का नाही दिलास?' असा येईल.

ओळंबा

त्यालाही प्रश्नचिन्ह आहेच! पण खरं आहे, साहेब खोलीत असतील तर ते जमत नाही. आम्ही साहेबांना पहिले काही आठवडे बोलावलंच नाही.

आणखी एक गोष्ट करून बघतोय. लाइनवर दोष सापडला की दोरी ओढून लाइन थांबवतात, तसं लागोपाठ तीन ऑर्डर एकाच कारणाने गेल्या तर त्या दिवशी नवीन कोटेशन थांबवून ते कारण बघायचं. कारण मात्र ग्राहकाच्या तोंडून आलेलं हवं. सीआरएममध्ये 'किंमत जास्त' हे कारण यादीत पहिलं असतं म्हणून सगळे तेच निवडतात. ग्राहकांना फोन केले तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांनी सांगितलं की दुसऱ्याचं कोटेशन आधी आलं आणि आमचा प्रकल्प अधिकारी पुढे सरकला.

निळी शाई

हे मार्केटिंगला कधीच कळवलं जात नाही! आम्ही इकडे 'वाजवी किंमत' म्हणून जाहिरात करत बसलो. मी उद्यापासून हरलेल्या ग्राहकांच्या फोनवर स्वतः बसते.

सावकाश

बरं, एक व्यावहारिक प्रश्न. जुनी मेलेली कोटेशन्स बंद करायची तर ग्राहकाला काय सांगायचं? आणि पाइपलाइन एकदम निम्मी झालेली दिसली तर वरच्यांना काय सांगायचं?

ओळंबा

ग्राहकाला सरळ लिहायचं: 'या कोटेशनची मुदत संपली आहे, आम्ही आमच्याकडून ते बंद करत आहोत. गरज अजून असेल तर कळवा, नव्याने देऊ.' याला येणारी उत्तरं 'फॉलो-अप करतोय' छाप मेलपेक्षा पुष्कळ जास्त असतात, हा माझा अनुभव. काही जण लगेच 'थांबा, बंद करू नका' म्हणतात, ती खरी पाइपलाइन. बाकीच्यांचं मौन हेही उत्तरच.

वरच्यांसाठी एकदम सगळं करू नका. एका माणसाची किंवा एका भागाची कोटेशन्स घ्या, जुनी यादी आणि साफ केलेली यादी शेजारी ठेवा. साफ केलेल्या यादीवरून पुढच्या तिमाहीचा अंदाज आधीच लिहून पाकिटात बंद करून त्यांच्याकडे द्या. जुन्या यादीवरचा अंदाज त्यांच्याकडे असतोच. तिमाही संपल्यावर दोन्ही उघडा.

सावकाश

पाकिटाची कल्पना बरी आहे. माझ्याच भागापासून करतो. पण पाकीट उघडताना तिमाहीचा शेवटचा आठवडा मोजायचा की नाही, ते आधी ठरवून सांगा, नाहीतर मी सवलत देऊन तुमचा अंदाज पाडू शकतो.

गणितवेडा

तो आठवडा वेगळ्या रकान्यात लिहा. आणि दिलेली सवलतही.